दारात आलेली नर्सबाई



घरातले लहान मूल रात्री तापाने फणफणले की आईच्या जिवाची काय घालमेल होते, हे तुम्हाला सांगायला नको. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायच्या, शेजारच्या वहिनींना हाक मारायची, कुणाला तरी रिक्षा आणायला पिटाळायचे आणि उजाडायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पैशांची जुळवाजुळव मागाहून.

आता अशी कल्पना करा की रिक्षा नाही. रस्ताही नाही, आहे ती पायवाट. पावसाळ्यात तीही चिखलपाण्यात बुडालेली. दवाखाना कित्येक किलोमीटर लांब. एवढे असूनही आई मुलाला पाठीशी बांधून निघायला तयार आहे, पण तिला उंबरा ओलांडता येत नाही. कारण घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याची परवानगी हवी. म्हातारा म्हणतो, आधी जाणत्याला विचारू, पूर्वज कशामुळे कोपले ते पाहू. कौल लागेपर्यंत दिवस मावळतो. दुसऱ्या दिवशी मूल डोळे उघडत नाही. मग सगळे म्हणतात, त्याचे आयुष्यच तेवढे होते.

खरेच आयुष्य तेवढे होते का? या एका प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेतल्या एका गरीब, कोरडवाहू तालुक्याने नीट हिशेब मांडून शोधले. त्या तालुक्याची हकिगत आज सांगणार आहे.

पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. 1957 साली तो इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. दक्षिणेला समुद्र आणि हिरवीगार जंगले, तर उत्तरेला बुर्किना फासोच्या सीमेजवळ उघडे, कोरडे माळरान. त्या उत्तरेला नवरोंगो नावाचे गाव आहे. आजूबाजूच्या मुलखात कासेना आणि नांकाना हे लोक राहतात. बाजरी, ज्वारी, भुईमूग ही त्यांची पिके. पाऊस वर्षातून एकदाच, मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. पुढे वाळवंटाकडून कोरडा, धुळीचा वारा सुटतो. भाकरीचा डबा रिकामा होतो तो नेमका पेरणीच्या दिवसांत, जुने धान्य संपलेले आणि नवे अजून शेतात. त्याच दिवसांत डबकी साचतात, डास वाढतात, हिवताप येतो. पोट रिकामे आणि वर ताप, असा दुहेरी मार लहान मुलांवर पडतो.

लोक मातीच्या घरांच्या आवारात एकत्र कुटुंबाने राहतात. एका आवारात आजोबा, त्यांचे भाऊ, मुले, सुना, नातवंडे. एक आवार इथे, दुसरे शेतापलीकडे, अशी वस्ती विखुरलेली. आवाराचा जो प्रमुख पुरुष, त्याच्या शब्दावर सारे चालते. बाईने मुलाला दवाखान्यात न्यायचे तर त्याचा किंवा नवऱ्याचा होकार लागे, शिवाय पैसेही त्यांच्याच हातात. ही गोष्ट तिथल्या अभ्यासकांनी बायांशी आणि म्हाताऱ्यांशी बोलून लिहून ठेवली आहे.

1988 साली घानात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात जन्मलेल्या दर 1000 मुलांपैकी 155 मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावत असल्याचे दिसले. हा साऱ्या देशाचा आकडा. उत्तरेच्या कोरड्या भागात हाल याहून वाईट होते. मुले मरत होती ती काही अनोळखी रोगांनी नव्हे. हिवताप, हगवण, न्यूमोनिया, गोवर आणि या सगळ्यांच्या मुळाशी उपासमार. या प्रत्येकावर औषध किंवा लस होती. औषध जगात होते, त्या मुलाच्या आवारात नव्हते.

नवरोंगोत कामाची सुरुवात एका छोट्या गोळीने झाली. 1989 ते 1991 या काळात तिथल्या हजारो मुलांना दर चार महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची मात्रा देऊन पाहिली. तुलनेसाठी काही मुलांना साधी गोळी दिली. मात्रा मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यू 19 टक्क्यांनी कमी झाले. गाजर, पपई, हिरवा पाला, अंडे, यकृत यांतून मिळणारे हे जीवनसत्त्व अंगात नसेल तर डोळे तर जातातच, पण साध्या गोवरा-हगवणीशी झुंजण्याची ताकदही जाते. या कामातूनच नवरोंगोचे आरोग्य संशोधन केंद्र उभे राहिले आणि घानाचेच डॉक्टर फ्रेड बिंका यांनी ते नावारूपाला आणले.

पुढची पायरी मच्छरदाणीची. 1993 ते 1995 या काळात तालुक्याचे लहान लहान भाग पाडले. काही भागांत कीटकनाशकात बुडवून वाळवलेल्या मच्छरदाण्या दिल्या, काही भागांत नंतर दिल्या. सहा महिने ते चार वर्षे या वयातल्या मुलांचे मृत्यू मच्छरदाणीच्या भागांत 17 टक्क्यांनी घटले. जिथे 100 मुले गेली असती, तिथे 83 गेली. 17 आयांची कूस उजाड झाली नाही.

तरीही राहिलेल्या 83 मुलांचे काय? गोळी वर्षातून तीनदा येते, मच्छरदाणी रात्री उपयोगी पडते. मूल मात्र मंगळवारी दुपारी आजारी पडते, त्याला त्याच दुपारी कुणीतरी तपासायला हवे. हा प्रश्न शिल्लकच होता.

त्यावेळी सरकारी नर्सबाई नव्हत्या असे नाही. होत्या, पण त्या आरोग्य केंद्राच्या इमारतीत बसत. ज्याला गरज असेल त्याने यावे, अशी रीत. अधूनमधून गाडी मिळाली तर लसीकरणाची फेरी होई. शिकलेली नर्स, पगार चालू, औषधांचे कपाट जागेवर, आणि दोन-तीन तासांच्या वाटेवर एखादे मूल हगवणीने सुकत चाललेले. यात नर्सबाईंचा दोष नव्हता, कारभाराची मांडणीच तशी होती.

1994 साली तीन गावांत प्रयोगाला आरंभ झाला. कागदावर योजना आखून ती लोकांच्या माथी मारली नाही. आधी गावप्रमुख, म्हातारे, बाया यांना विचारले, की तुमच्या गावात नर्स राहायला आली तर चालेल का, ती राहील कुठे, काय करावे, काय करू नये. तिथल्या गावसभेला ‘दरबार’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच, इंग्रजांच्या राज्यकारभाराबरोबर तिकडे गेला आणि तिथे रुजला. ढोल वाजतात, प्रमुख येऊन बसतात, सगळ्यांसमोर बोलणे होते. अशा दरबारात बायांच्या आणि मुलांच्या आरोग्याचा विषय पुरुषांसमोर उघड मांडला गेला. जी गोष्ट घरात सुनेला बोलता येत नव्हती, ती भरसभेत प्रमुखाच्या तोंडून निघाली.

गावकऱ्यांनी अंगमेहनत करून नर्सबाईसाठी खोल्या बांधल्या. एका खोलीत ती राहणार, दुसरीत रोगी तपासणार. तिला मोटारसायकल दिली आणि गावात राहून काम कसे करायचे याचे नव्याने शिक्षण दिले. साधारण तीन महिन्यांत प्रत्येक आवारात एक फेरी व्हावी, अशी तिची पाळी लावली. लस, हिवतापाच्या गोळ्या, हगवणीवर मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी, छाती भरलेल्या मुलाला औषध, गरोदर बाईची तपासणी, पाळणा लांबवण्याची साधने, आणि आवाक्याबाहेरचा रोगी असेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवणी, हे सारे तिच्या पिशवीत आणि डोक्यात. रात्री-बेरात्री कुणी दार ठोठावले तरी ती तिथेच.

आता या हकिगतीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग ऐका. 1996 पासून तालुक्याचे चार भाग केले. पहिल्या भागात नर्स गावात राहायला गेली. दुसऱ्या भागात नर्स नाही, पण गावचे स्वयंसेवक निवडले, त्यांना थोडे शिक्षण, सायकल आणि औषधांची पेटी दिली. या कामाला तिथल्या भाषेत ‘झुरुगेलू’ म्हणत, म्हणजे एकजूट. तिसऱ्या भागात नर्स आणि स्वयंसेवक दोन्ही. चौथ्या भागात पूर्वीचेच चालू ठेवले.

आणि हिशेब कसा ठेवला? 1993 पासून या तालुक्यात प्रत्येक आवाराला दर 90 दिवसांनी भेट देऊन कोण जन्मले, कोण गेले, कोण आले, कोण स्थलांतर करून बाहेर पडले, याची नोंद होत होती. मी कारकून माणूस, मला या वह्यांचे फार मोल वाटते. खतावणीत नावच चढले नाही तर तूट कशी उमगणार? ज्या गरीब घरात मूल जन्मून आठ दिवसांत जाते, तिथे पुष्कळदा जन्माचीही नोंद नसते आणि मरणाचीही नसते. नवरोंगोत ते मूल वहीत चढले, म्हणून त्याचा जाब विचारता आला.

निकाल काय लागला? जिथे नर्स गावात राहायला गेली तिथे बालमृत्यू स्पष्ट कमी झाले. 2006 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत या प्रयोगाच्या प्रमुखांनी लिहिले, की तीन वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जिथे फक्त स्वयंसेवक होते तिथे मुलांचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही.

ही गोष्ट आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना झोंबणारी आहे. आपण पदरमोड करून, रविवार घालवून वस्तीत कामे करतो. मनात असते की तळमळ असली म्हणजे सारे जमते. नवरोंगोचे स्वयंसेवकही तळमळीचेच होते. लोकांना जमवणे, पुरुषांना समजावणे, गावसभा भरवणे यांत त्यांचा मोठा उपयोग झाला. जिथे ते आणि नर्स दोघे मिळून काम करत होते तिथे जन्मदरही साधारण 15 टक्क्यांनी, म्हणजे एका बाईमागे एका बाळंतपणाने कमी झाला. पण निळे पडत चाललेल्या मुलाचा श्वास मोजून त्याला न्यूमोनिया आहे की साधा खोकला, हे ओळखायला शिक्षण लागते. योग्य औषध योग्य मात्रेत द्यायला शिक्षण लागते. ते शिक्षण घेतलेल्या माणसाला पगार, राहायला जागा आणि वर देखरेख लागते. गरिबांसाठी तळमळीचे बिनपगारी काम आणि श्रीमंतांसाठी शिकलेला डॉक्टर, अशी वाटणी केली तर गरिबांची मुले मरतच राहणार.

कुणी म्हणेल, एवढा खर्च गरीब देशाला झेपणार कसा? त्याचाही हिशेब त्यांनी मांडला. त्या भागात प्राथमिक आरोग्यसेवेवर माणशी वर्षाला 6.80 डॉलर खर्च होत होता. नर्स गावात नेऊन ठेवण्याच्या या साऱ्या व्यवस्थेने त्यात 1.92 डॉलरची भर पडली. म्हणजे जिथे 100 रुपये लागत होते तिथे 128 लागले. एवढ्या वरकड खर्चात मुले वाचत असतील तर याहून स्वस्त काय असते?

1999 साली घाना सरकारने हीच पद्धत साऱ्या देशासाठी स्वीकारली. अर्थात सरकारी काम, ते सगळीकडे एका वेगाने झाले नाही. पुष्कळ ठिकाणी आधी इमारत, मग नर्स, असा विचार झाला आणि इमारतीच्या नावाखाली वर्षे गेली. गावाला विचारण्याची, दरबार भरवण्याची पायरी गाळली गेली तिथे काम थंडावले. तरी वाट पडली ती पडली. लसी वाढल्या, मच्छरदाण्या घरोघर पोचल्या, औषधे सुधारली. 1988 च्या पाहणीत 1000 मागे जे 155 होते, ते 2022 च्या पाहणीत 40 वर आले. हे यश एकट्या नवरोंगोचे नाही, पण त्यात नवरोंगोच्या नर्सबाईंचा वाटा नक्की आहे.

अंधश्रद्धेचेही सांगायला हवे, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या भागात जन्मतः व्यंग असलेल्या किंवा सतत आजारी राहणाऱ्या बाळाला ‘भुताचे मूल’ ठरवण्याची रूढी होती आणि अशा बाळांचा जीव घेतला जाई. आजाराचे कारण कळत नाही तिथे भूत जन्माला येते. 2013 साली तिथल्या पारंपरिक प्रमुखांनीच ही रूढी बंद केल्याचे जाहीर केले. बाहेरच्या कुणी येऊन शिव्या घालून हे झाले नाही. बाळ का सुकते, का झटके येतात, याचे दुसरे उत्तर गावात पोचले आणि गावच्याच माणसांनी जुने उत्तर टाकून दिले. आपल्याकडेही नरबळी, करणी, भानामतीच्या बातम्या येतात, तेव्हा तिकडच्या लोकांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

एक गाठ मात्र अजून पुरती सुटलेली नाही. ते 40 मृत्यू कोणत्या वयात होतात पाहा. त्यांतले 17 पहिल्या महिन्यातच होतात. हिवताप-हगवणीने जाणारी थोडी मोठी मुले वाचू लागली, पण पहिल्या 28 दिवसांचे बाळ अजून जाते. तीन महिन्यांनी होणाऱ्या फेरीत नर्सबाई येते तोवर त्या बाळाचा निकाल लागलेला असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पाहायला हवे. ऊब हवी, आईचे चिकाचे दूध हवे, जंतुदोष ओळखणारी नजर हवी.

इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. 1999 साली त्यांचा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या बाया फारशा शिकलेल्या नव्हत्या. मग नवरोंगोचे स्वयंसेवक जिथे कमी पडले तिथे या कशा यशस्वी झाल्या? कारण त्यांना नेमके शिक्षण दिले, हातात साधने दिली, कामाचा मोबदला दिला आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेवली. म्हणजे दोन्ही ठिकाणचा धडा एकच निघतो. पदवी मोठी असो वा नसो, शिकवण पक्की हवी आणि श्रमाचे दाम हवे. पुढे 2009 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून सगळ्या देशांना सांगितले, की जन्मानंतर पहिल्या आठवड्यात घरी भेट देऊन बाळ तपासा. गडचिरोलीच्या झोपडीत सिद्ध झालेली गोष्ट अशी आफ्रिकेच्या मातीच्या घरापर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली.

आणखी एक धागा पुण्याचा. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी तयार केलेल्या हिवतापाच्या लसीला एप्रिल 2023 मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती घानाने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली. पण लस पुण्यात बनली तरी ती बाळाला टोचायला आवारापर्यंत कुणीतरी चालत जावे लागते. ती तीच, मोटारसायकलवरची नर्सबाई.

माता-भगिनींनो, आपल्या दारातही एक बाई येते. आशाताई. 2011 पासून नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याचे काम तिच्याकडे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात. ती आली की आपण काय करतो? कधी म्हणतो, बाळ आता झोपले आहे, नंतर या. कधी सासूबाई म्हणतात, सव्वा महिना परक्याची नजर नको. घरातला पुरुष तर विचारतही नाही, की ती काय सांगून गेली. नवरोंगोच्या म्हाताऱ्याला हसण्याआधी आपापल्या उंबऱ्याकडे पाहू या. ती बाळाचे वजन करते, ताप मोजते, दूध ओढते का पाहते. तिला आत येऊ द्या, बाळ उघडे करून दाखवा, तिच्या वहीत नोंद झाली का ते विचारा. आणि तिला सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणते, मोबदला कामाप्रमाणे मोजून देते, हेही ध्यानात ठेवा. ती रास्त मानधनासाठी मोर्चात बसली तर रस्ता अडला म्हणून कुरकुर करू नका. ती आपल्याच बाळाचा प्रश्न घेऊन बसलेली आहे.

सुरुवातीला विचारले होते, त्या मुलाचे आयुष्य खरेच तेवढे होते का? नवरोंगोच्या वह्यांनी उत्तर दिले आहे. तीच माती, तेच लोक, तोच पाऊस, तीच बाजरी. मध्ये फक्त एक शिकलेली बाई गावात राहायला आली आणि मुले जगू लागली. तेव्हा यापुढे आपल्या वस्तीत कुठल्याही बाळाच्या मरणावर ‘नशीब’ असा शेरा मारून वही मिटू नका. दवाखाना किती लांब होता, किती उशीर झाला, कोणी अडवले, हे विचारा. विचारले म्हणजे पुढचे बाळ वाचण्याचा मार्ग सापडतो.